मोबाइल-टॅबला अँटीव्हायरस हवा का? पैसे भरण्याआधी हे वाचा

"फोन स्लो झालो, व्हायरस इलो वाटता." मालवण, कणकवली, देवगड, कुठल्याही मोबाइल दुकानाच्या काउंटरवर हे वाक्य ऐकू येतं. पुढचा क्रमही ठरलेला. दुकानदार एखादं अँटीव्हायरस टाकून देतो, स्क्रीनवर हिरवी बरोबरची खूण येते, गिऱ्हाईक निर्धास्त होऊन घरी जातं आणि फोन होता तेवढाच स्लो राहतो.

आधी उत्तर सांगून टाकतो. आयफोन-आयपॅडला अँटीव्हायरस नको. अँड्रॉइड फोन किंवा टॅबला एक अँटीव्हायरस आधीपासूनच आत बसवून दिलेलं असतं, ते चालू आहे का एवढं बघायचं. वेगळं ॲप काही थोड्या लोकांच्या उपयोगाचं आहे. ते कोण, हे आठव्या पायरीत येईल. त्याआधीच्या पायऱ्या मात्र सगळ्यांसाठी आहेत आणि त्यांना एक रुपयाही लागत नाही.

सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा:

- फोन किमान ५० टक्के चार्ज झालेला. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो आणि अर्ध्यात अडकलेलं अपडेट डोकेदुखी ठरतं.
- वाय-फाय किंवा वाडीत जिथे रेंज धड येते ती जागा.
- तुमचा जीमेल आयडी आणि पासवर्ड. बऱ्याच घरांत तो दुकानदाराने किंवा मुंबईच्या पुतण्याने बनवलेला असतो आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. तो आजच शोधा किंवा बदलून घ्या, फोन रीसेट करायची, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करायची, वेळ आली की त्याच्यावाचून अडेल.
- बँकेचा ग्राहक सेवा क्रमांक, पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून बघून कागदावर उतरवलेला. गुगलवर शोधून नव्हे. तिथे भामट्यांनीच पेरलेले नंबर सापडतात.

१. व्हायरस आहे की नुसता फोन भरलाय?

स्लो फोन म्हणजे व्हायरस, हे गणित कॉम्प्युटरच्या जमान्यातून आलंय. फोन मंदावतो तेव्हा पहिला संशय स्टोरेजवर घ्या. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडा. ६४ जीबीपैकी ६० भरले असतील तर तोच रोग. वाडीचा ग्रुप, मुंबई मंडळाचा ग्रुप, बचत गटाचा ग्रुप आणि तिन्हीकडे रोजचे सुप्रभात. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडून मोठे व्हिडिओ उडवा. मीडिया ऑटो डाउनलोडही बंद करा. एकूण जागेच्या दहा-पंधरा टक्के तरी मोकळी राहिली पाहिजे.

बॅटरी लवकर उतरते? जिथे रेंज येते-जाते तिथे फोन सारखा टॉवर शोधत बसतो आणि त्यात बॅटरी खातो. डोंगराच्या कुशीतल्या वाडीत हे रोजचंच आहे, त्यात व्हायरसचा हात नाही.

'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले, लगेच साफ करा' असा लाल बोर्ड झळकला तर घाबरू नका. वेबसाइटला फोनच्या आत डोकावून व्हायरस मोजताच येत नाहीत. बहुतेक वेळा कधीतरी सिनेमा किंवा क्रिकेट फुकट बघताना कुठल्या तरी साइटला 'अलाउ' म्हटलेलं असतं आणि तीच साइट नोटिफिकेशन म्हणून हे पाठवत असते. क्रोम उघडा, तीन ठिपके, सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, आणि खालच्या यादीतल्या अनोळखी साइट बंद करा. बोर्ड गायब. या बोर्डावरचं 'क्लीन' बटण दाबून उतरवलेलं ॲप हाच पुष्कळदा पहिला खरा व्हायरस असतो.

खऱ्या संशयाची लक्षणं वेगळी आहेत: कुठलंही ॲप उघडलेलं नसताना होम स्क्रीनवर जाहिरात उमटणं, तुम्ही न पाठवलेले मेसेज किंवा फाइल तुमच्या नंबरवरून इतरांना जाणं, ओटीपीचा मेसेज येऊन क्षणात नाहीसा होणं, आणि ॲपच्या यादीत बिननावाचं, बिनचिन्हाचं काहीतरी असणं. यातलं एक जरी दिसलं तर मधल्या पायऱ्या सोडून थेट नवव्या पायरीवर जा.

२. शिरतो कुठून?

फोन ही एक चाळ समजा. प्रत्येक ॲपला स्वतःची कुलूपबंद खोली. शेजारच्या खोलीत शिरायला बंदी. अँड्रॉइडमध्ये तर प्रत्येक ॲप म्हणजे वेगळा भाडेकरू असल्यासारखा वेगळ्या ओळख-क्रमांकावर चालतं. कॉम्प्युटरवरचा अँटीव्हायरस हा मालकाने नेमलेला रखवालदार असतो, किल्ल्यांचा जुडगा घेऊन सगळ्या खोल्या तपासणारा. फोनवरचं अँटीव्हायरस मात्र त्याच चाळीतलं आणखी एक बिऱ्हाड. अँड्रॉइडमध्ये त्याला दारावरच्या पाट्या आणि खोली बांधतानाचा नकाशा, म्हणजे ॲपची मूळ फाइल, वाचता येते. आत काय चाललंय ते दिसत नाही. आयफोनमध्ये नकाशाही मिळत नाही.

त्यामुळे आपल्याकडच्या चोराला कुलूप फोडायची गरजच पडत नाही. तो दार वाजवतो आणि आपण उघडतो. एकदा हे जवळून बघा.

व्हॉट्सॲपवर ओळखीच्याच नंबरवरून फाइल येते. नाव 'लग्नपत्रिका', 'आरटीओ चलन', 'पीएम किसान यादी' असं काहीही, पण नावाच्या शेवटी टिंब देऊन एपीके. ही तीन अक्षरं म्हणजे ॲप बसवायची फाइल. पत्रिका असती तर फोटो किंवा पीडीएफ असती. ओळखीचा नंबर असतो कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो आणि आता त्याच्या यादीतल्या सगळ्यांना पत्रिका चालली आहे.

फाइल नुसती आल्याने काही बिघडत नाही. बोट लावलं की फोन विचारतो, 'या सोर्समधून ॲप इन्स्टॉल करू द्यायचं?' घाईत होकार दिला जातो. प्ले प्रोटेक्टचा, म्हणजे अँड्रॉइडमध्ये बसवून दिलेल्या अँटीव्हायरसचा, इशारा येतो, तोही 'इन्स्टॉल एनीवे' म्हणून ओलांडला जातो. मग ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. पत्रिकेला एसएमएस कशाला, हा प्रश्न इथे पडायला हवा. परवानगी मिळाली की चिन्ह स्क्रीनवरून लपतं आणि बँकेचा प्रत्येक ओटीपी परस्पर दुसरीकडे जायला लागतो. होकार तीन-चार वेळा दिला गेला, आणि प्रत्येक वेळी आपल्याच बोटाने.

लाइट बिलाचा सापळाही असाच. 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा.' वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आज मेसेज आणि आज रात्री काळोख, असं होत नाही. त्यातून महावितरणचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही, तो एमएसईडीसीएल हे नाव घेऊन येतो.

३. प्ले प्रोटेक्ट चालू आहे का बघा

अँड्रॉइडमधलं हेच ते बसवून दिलेलं अँटीव्हायरस. गुगलने ते २०१७ मध्ये या नावाने आणलं. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे तुमच्या फोटोच्या गोलावर बोट ठेवा, 'प्ले प्रोटेक्ट' निवडा, 'स्कॅन' दाबा. मग कोपऱ्यातल्या चाकावर जा. तिथली 'स्कॅन ॲप्स' आणि 'इम्प्रूव्ह हार्मफुल ॲप डिटेक्शन' ही दोन्ही बटणं चालू हवीत. दुसरं बटण अनेकांकडे बंद सापडतं. ते चालू असलं की बाहेरून आलेलं अनोळखी ॲप गुगलकडे तपासायला जातं.

२०२४ च्या अखेरीपासून भारतात याची एक कडक तऱ्हाही लागू होत आली: ब्राउझर, मेसेज किंवा फाइल मॅनेजरमधून आलेलं ॲप एसएमएस, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटी या परवानग्या मागणारं असेल तर ते बसवायलाच अडवलं जातं. म्हणूनच आता फोनवरचा 'साहेब' पहिल्यांदा सांगतो, "प्ले प्रोटेक्ट बंद करा, तो आमच्या ॲपला उगाच अडवतो." हे वाक्य ऐकलं की फोन ठेवा. कुठलीही बँक, महावितरण किंवा कृषी विभाग हे सांगत नाही.

४. बाहेरून ॲप बसवायचा रस्ता बंद करा

या लेखातली एकच पायरी करायला वेळ असेल तर ही करा.

सेटिंग्ज उघडा. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये ही जागा वेगळी, म्हणून वरच्या शोधपट्टीत 'अननोन' एवढंच टाइप करा. 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' सापडेल. आत ॲपची यादी दिसेल आणि प्रत्येकापुढे 'अलाउड' किंवा 'नॉट अलाउड'. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी ॲपवार आहे, त्यामुळे एक बंद करून भागत नाही. व्हॉट्सॲप, क्रोम, टेलिग्राम, फाइल मॅनेजर, फाइल शेअर करणारी ॲप, जीमेल, सगळ्यांपुढे 'नॉट अलाउड' दिसायला हवं.

कोकणात इथे एक खास गोची आहे. रेंज नाही, दिवसाचा डेटा संपलेला, म्हणून शेजाऱ्याच्या फोनवरून ॲप 'शेअर करून' घ्यायची सवय. दुकानातही नवा फोन घेतला की पंधरा-वीस ॲप पेनड्राइव्हवरून किंवा शेअरिंग ॲपने भरून देतात. ती कुठली, कुणी फेरफार केलेली, काही कळत नाही. अशी ॲप पुष्कळदा प्ले स्टोअरच्या अपडेटपासूनही तुटलेली राहतात. थांबा, रेंजच्या जागी जा, प्ले स्टोअरवरूनच घ्या. बँकेचं आणि यूपीआयचं ॲप तर कुणाकडूनही शेअर करून घेऊच नका.

सॅमसंगच्या वन यूआय ६ (सॅमसंगचं अँड्रॉइडवरचं स्वतःचं सॉफ्टवेअर) पासूनच्या फोनमध्ये 'ऑटो ब्लॉकर' नावाचं एकच बटण हा सगळा रस्ता बंद करतं. अँड्रॉइड १६ मध्ये 'ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन' आहे. घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनमध्ये यांपैकी जे असेल ते चालू करून द्या. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी आरती आणि जेवण यांच्यामध्ये आईबाबांचा फोन घेऊन एवढं केलं तरी पुष्कळ आहे.

५. चार परवानग्या तपासा

कॅमेरा, माइक, लोकेशन याबद्दल लोक सावध असतात. पैसे जातात ते मात्र दुसऱ्याच चार परवानग्यांमधून. शोधपट्टीत एकेक शोधा.

ॲक्सेसिबिलिटी: ही अंध किंवा हाताने फोन वापरता न येणाऱ्यांच्या सोयीसाठी आहे. ही ज्या ॲपला मिळाली ते स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबू शकतं. म्हणजे पासवर्ड वाचणं आलं, 'पे' दाबणंही आलं. 'डाउनलोडेड ॲप्स' या यादीत तुम्ही स्वतः समजून चालू केलेलं सोडून काहीही नको.

नोटिफिकेशन ॲक्सेस: इथून ओटीपी दिसतो, एसएमएसची परवानगी नसली तरी. स्मार्ट घड्याळाचं ॲप यादीत असणं ठीक. टॉर्च किंवा वॉलपेपरचं ॲप असेल तर ते काढाच.

डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स: खऱ्या बँक ॲपवर खोटा पासवर्डचा रकाना चिकटवता येतो तो या परवानगीने.

डिव्हाइस ॲडमिन: ही दिलेलं ॲप 'अनइन्स्टॉल' होत नाही, बटणच मंद दिसतं. यादीत 'फाइंड हब' (हरवलेला फोन शोधणारं गुगलचं ॲप) किंवा ऑफिसचं ॲप असू शकतं. बाकी शंका घ्या.

अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपला पहिल्या दोन परवानग्या सहज देता येत नाहीत. 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग' असा अडसर येतो. तो काढायला ॲप इन्फोमध्ये जाऊन तीन ठिपक्यांमधून मुद्दाम परवानगी द्यावी लागते. फोनवर कुणी तुम्हाला 'तीन ठिपके दाबा' असं शिकवत असेल तर तो हाच अडसर तुमच्या हातून काढून घेतोय.

याच्याच पंक्तीत स्क्रीन दूरून बघायची ॲप येतात. एनीडेस्कसारखं ॲप मुळात प्रामाणिक कामाचं, प्ले स्टोअरवरचं, त्यामुळे कुठलंही अँटीव्हायरस त्याला व्हायरस म्हणणार नाही. गैरवापर करणारा माणूस पलीकडे असतो. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच याबद्दल बँकांना सावध केलं होतं.

६. अपडेट, आणि ते रेंजशिवाय कसं करायचं

सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट' पुढची तारीख बघा. ती तीन-चार महिन्यांच्या आतली असेल तर उत्तम. वर्षापूर्वीची असेल तर 'सॉफ्टवेअर अपडेट' तपासा. अँड्रॉइड १० पासून 'गुगल प्ले सिस्टिम अपडेट' हा वेगळा प्रकारही आहे; फोनची कंपनी झोपली असली तरी तो थेट गुगलकडून येतो, म्हणून तोही उघडून बघा.

मोठं अपडेट एक-दोन जीबीचं असतं. दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये ते अर्ध्यावर लटकतं. तालुक्याला बाजाराला गेलात की कुणाच्या वाय-फायवर उतरवून घ्या आणि बसवायचं काम रात्री चार्जिंगला लावून घरी करा. प्ले स्टोअरमधली ॲपची अपडेट 'ओन्ली ओव्हर वाय-फाय' वर ठेवली असतील आणि घरी वाय-फायच नसेल तर ती कधीच होत नाहीत. निदान बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप आणि क्रोम ही चार हाताने अपडेट करत चला.

फोनला कंपनीने अपडेट देणं बंद करून दोन वर्षं झाली असतील तर त्यात बँकेचं ॲप ठेवू नका. 'जुना फोन आहे, म्हणून अँटीव्हायरस टाकतो' हा उपाय इथे लागू पडत नाही. सिस्टिमला पडलेलं भोक अँटीव्हायरसला बुजवता येत नाही, तो स्वतः त्याच चाळीतला भाडेकरू.

७. टॅब, आयपॅड आणि आयफोन

टॅबमध्ये सिम नसेल तर ओटीपी त्यावर येत नाही, धोका तेवढा कमी. पण लॉकडाउनमध्ये शाळेसाठी घेतलेला टॅब आता पोरं गेमसाठी वापरतात आणि त्यात बाबांचाच जीमेल असतो. गेममधले 'फुकट कॉइन' देणारे मॉड एपीके, म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार केलेल्या फाइल, हा टॅबमध्ये व्हायरस शिरायचा सगळ्यांत रुळलेला मार्ग. मुलाचं वेगळं खातं काढा, गुगलच्या 'फॅमिली लिंक'ने ते जोडा, चौथी पायरी टॅबवरही करा.

तारकर्ली, गणपतीपुळे, गुहागरकडच्या घरगुती निवासांत बुकिंगसाठी काउंटरवर टॅब असतो आणि तो पाहुण्यांच्याही हाती जातो. त्यासाठी स्वतंत्र जीमेल हवा, त्यात बँकेचं काहीही नको, आणि पाहुण्यांचे आधारचे फोटो त्यात साठवून ठेवू नका.

अनोळखी कंपनीचा स्वस्त टॅब घेताना दुकानातच प्ले स्टोअरची सेटिंग्ज उघडा, 'अबाउट' मध्ये जा. 'डिव्हाइस इज सर्टिफाइड' असं दिसलं पाहिजे. टीव्हीला लावायच्या काही बिनसर्टिफाइड अँड्रॉइड बॉक्समध्ये कारखान्यातूनच व्हायरस आल्याचं २०२३ मध्ये उघड झालं. विकत घेतानाच आत असलेला व्हायरस फॅक्टरी रीसेटनेही जात नाही.

आयफोन-आयपॅडची गोष्ट छोटी. तिथे ॲपलच्या ॲप स्टोअरवर 'अँटीव्हायरस' म्हणून जे मिळतं ते फसव्या साइट अडवणं, व्हीपीएन, पासवर्ड सांभाळणं असलं काहीतरी असतं. दुसरं ॲप तपासण्याची मुभा कुणालाच नाही. आयओएस अपडेट ठेवा. सेटिंग्ज, जनरल, 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट' मध्ये अनोळखी प्रोफाइल दिसलं तर काढा. कॅलेंडरमध्ये रोज 'व्हायरस सापडला' अशी नोंद येत असेल तर कुठलं तरी फुकटं कॅलेंडर जोडलं गेलंय, कॅलेंडरच्या खात्यांमध्ये जाऊन ते हटवा. 'लॉकडाउन मोड' आहे, पण तो हेरगिरीचं लक्ष्य होऊ शकणाऱ्या पत्रकार-कार्यकर्त्यांसाठी. आपल्याला त्याने अडचणच होईल.

८. मग अँटीव्हायरस कोणी घ्यावं?

फोन अँड्रॉइड आहे आणि कामासाठी बाहेरून ॲप बसवावंच लागतं, अशांनी. किंवा घरात एखादी व्यक्ती आलेल्या प्रत्येक लिंकवर बोट ठेवते आणि तिच्या फोनवर दुसरा पहारा असला तर बरं, अशांनी. चांगल्या अँटीव्हायरसचा खरा फायदा व्हायरस पकडण्यापेक्षा फसवी साइट उघडण्याआधी अडवण्यात जास्त आहे.

निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. २०१४ मध्ये 'व्हायरस शील्ड' नावाचं विकतचं ॲप प्ले स्टोअरवर विक्रीत वरच्या क्रमांकावर पोचलं, दहा हजारांवर लोकांनी पैसे मोजले, आणि ते बोट लावल्यावर फुलीच्या जागी बरोबरची खूण दाखवण्यापलीकडे काहीच करत नव्हतं. ऑस्ट्रियाच्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्थेने २०१९ मध्ये २५० अँड्रॉइड अँटीव्हायरस ॲप तपासली. व्हायरसपैकी ३० टक्क्यांहून जास्त पकडणारी आणि निर्दोष ॲपवर खोटा आळ न घेणारी फक्त ८० निघाली. काही महाभाग तर स्वतःलाच व्हायरस ठरवत होते, कारण स्वतःचं नाव 'विश्वासू' यादीत लिहायचं राहून गेलं होतं. आणि २०२२ मध्ये प्ले स्टोअरवरच्या काही अँटीव्हायरस ॲपमधूनच 'शार्कबॉट' हा बँकेची माहिती चोरणारा व्हायरस पसरत होता.

म्हणून:

- वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्या कंपनीचं घ्या आणि एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज किंवा जर्मनीच्या एव्ही-टेस्टच्या ताज्या चाचणीत त्याचं नाव आहे का बघा. पुण्याची क्विक हील असो की परदेशी कंपनी, कसोटी तीच.
- एकच घ्या. दोन बसवली तर बॅटरी आणि फोन दोन्ही दमतात.
- नावात 'क्लीनर', 'बूस्टर', 'सुपर', 'टर्बो' असेल तर नको.
- फुकटच्या ॲपमध्ये पूर्ण स्क्रीन जाहिराती आल्या तर लगेच काढा.
- ट्रायल घेताना सात दिवसांनी वर्षाचे पैसे आपोआप कापले जाणार आहेत का ते वाचा. प्ले स्टोअरमध्ये 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स' मधून ते रद्द होतं. नुसतं ॲप काढल्याने होत नाही.

खर्चच करायचा नसेल तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे जा. २०१७ पासून ते मोफत साधनं पुरवतं. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवलेलं 'एम-कवच २' फोनच्या सुरक्षेतल्या उणिवा दाखवतं.

एक हिशेब मात्र आधीच मांडून ठेवा. हापूसची पेटी घेणारा म्हणाला, "पैसे पाठवतोय, मिळवायला क्यूआर स्कॅन करून पिन टाका", तर जगातलं कुठलंही अँटीव्हायरस तुम्हाला वाचवणार नाही. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाताहेत.

९. शिरलाच तर, याच क्रमाने

क्रम चुकला की पुरावा तरी जातो नाहीतर पैसे तरी.

पहिलं, फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद झालंय याची खात्री करा. मग सिम काढून दुसऱ्या साध्या फोनमध्ये घाला, म्हणजे ओटीपी चोराकडे न जाता तुमच्या हातात येतील.

दुसरं, त्याच साध्या फोनवरून बँकेला सांगून खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लावा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक तयार ठेवा. यूपीआयचा तो १२ आकडी असतो. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातात, वाटेत गोठवता आले तरच हाती लागतात, त्यामुळे इथे मिनिटांचा हिशेब आहे. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर करा. जिल्ह्याच्या ठिकाणी जायला सकाळच्या एसटीची वाट बघत बसू नका, जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. बँकेला लेखी कळवून पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आणलेल्या नियमाप्रमाणे चूक ना तुमची ना बँकेची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. दोन्ही बाबतीत पोचेवरची तारीख आणि वेळ कामाला येते.

तिसरं, बिघडलेल्या फोनमधली आलेली फाइल, पाठवणाऱ्याचा नंबर आणि त्या ॲपचं नाव यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढा. हे रीसेटच्या आधी.

चौथं, आता साफसफाई. पॉवर बटण दाबून धरा, स्क्रीनवरच्या 'पॉवर ऑफ' वर बोट दाबून ठेवा, 'सेफ मोड' विचारलं की होकार द्या. काही कंपन्यांची पद्धत वेगळी असते, पण बहुतेक फोनमध्ये हीच. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप चालत नाहीत. आधी डिव्हाइस ॲडमिन आणि ॲक्सेसिबिलिटीतून संशयित ॲपचा टिक काढा, मगच सेटिंग्जमधल्या पूर्ण यादीतून अनइन्स्टॉल करा. होम स्क्रीनवर शोधू नका, तिथे ते लपलेलं असतं.

पाचवं, पासवर्ड बदला, पण दुसऱ्या फोनवरून. आधी जीमेल, कारण बाकी सगळ्यांची किल्ली तिथे आहे. मग बँक, मग यूपीआय पिन. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून अनोळखी जागा लॉग-आउट करा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. डायलरवर ##००२# लावलं की सगळी कॉल फॉरवर्डिंग रद्द होतात. ओटीपीचा फोन दुसरीकडे वळवलेला असू शकतो.

सहावं, तरीही शंका उरली तर फॅक्टरी रीसेट. आधी फक्त फोटो, व्हिडिओ आणि नंबर कॉपी करा. जुनी एपीके परत आणू नका, सगळी ॲप प्ले स्टोअरवरून नव्याने घ्या. रीसेटनंतर फोन जुना जीमेल आणि पासवर्ड विचारू शकतो, म्हणून तो आधी जवळ असू द्या.

आणि वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज टाका, दुसऱ्या फोनवरून: 'माझ्या नंबरवरून आलेली पत्रिका उघडू नका.' तुमच्या नंबरवरून ती एव्हाना सगळ्यांना गेलेली असते, आणि तुमचं नाव बघून कुणीतरी उघडणारच असतो.